पडद्यामागची भिंत

आमच्या गावच्या नाट्यगृहाला कुणीच नाट्यगृह म्हणत नसे. पुढे तिथे सिनेमा लागू लागला तेव्हा दर्शनी भिंतीवर टॉकीज अशी अक्षरं आली, पण गावाच्या तोंडी ते शेवटपर्यंत गोदामच राहिलं. मुळात ती जागा सरकी साठवण्याची. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मालकाला नाटकाचा नाद होता. एका हंगामात कपाशी कमी आली, गोदाम रिकामं पडलं, आणि त्याने एका टोकाला विटांचा ओटा बांधून, त्यावर सागाच्या फळ्या ठोकून रंगमंच केला, असं म्हणतात. 'असं म्हणतात' हे शब्द मला इथे वरचेवर वापरावे लागतील. त्या इमारतीविषयी लिहिलेलं असं जे होतं ते आता उरलेलं नाही. ते कसं गेलं, तेवढंच मला नक्की ठाऊक आहे.

मोताळा तालुक्यातलं आमचं गाव मलकापूरहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. नाटक मंडळ्या मलकापूरच्या स्टेशनावर उतरत आणि तिथून बैलगाड्यांनी येत. दोन गाड्यांत ट्रंका, एका गाडीत पडद्यांच्या लांबलचक गुंडाळ्या, मागून पायी चालणारी माणसं. घाट चढून बुलढाण्याला जाण्याआधी बैलांना विसावा हवा, म्हणून त्या आमच्याकडे थांबत आणि थांबल्यावर खेळ करत. धामणगाव बढ्याहून, आसपासच्या खेड्यांतून लोक गाड्या जुंपून येत. बैल गोदामाच्या मागच्या बाजूला बांधलेले असत. रंगमंचावर एखादी राणी मूर्च्छित झाली आणि सभागृह स्तब्ध झालं की भिंतीपलीकडून घुंगरांचा आवाज येई. जुनी माणसं सांगत, की त्या आवाजावर नट मंडळी खूश असत. प्रेक्षक गप्प बसले आहेत याची ती पावती होती.

मग मुका सिनेमा आला. रंगमंचाच्या तोंडाशी मांजरपाटाचा मोठा पडदा ताणून बांधला गेला. चित्र ठळक दिसावं म्हणून खेळाआधी त्यावर पाणी मारत. पुढे बोलका सिनेमा आला आणि पडद्यामागे, रंगमंचाच्या मधोमध, लाकडी पेटीत बसवलेला मोठा भोंगा ठेवला गेला. वर्षाकाठी एखादी मंडळी आलीच तर पडदा गुंडाळून वर घेत आणि भोंगा बाजूला सरकवत. हळूहळू मंडळ्या येईनाशा झाल्या. पडदा वर जाईनासा झाला. ज्या फळ्यांवर राजे आणि संत उभे राहिले होते त्यांवर धूळ, वटवाघळांची विष्ठा आणि तो एकटा भोंगा उरला. रंगमंच होता तिथेच होता, फक्त पडद्याने त्याला अंधारात घेतलं.

माझा जन्म या सगळ्यानंतरचा. वडील लवकर गेले. त्या वेळच्या मालकांच्या पत्नीने माझ्या आईला बायकांच्या दाराशी उभं केलं. बायकांची बाजू निराळी होती. मधे कंबरेएवढी विटांची आडभिंत, येण्याजाण्याला स्वतंत्र दार, आणि त्या दारावर पुरुष चालत नसे. आईला अक्षर वाचता येत नव्हतं. तिकिटाचा रंग ती ओळखे, आणि तेवढं पुरे होतं. मी तिला माय म्हणते. लिहिताना तिची आई होते. हे अंतर मी फार पूर्वी घातलं आणि मला ते कधी काढता आलं नाही.

दारावर तिकीट फाडण्यापलीकडे आईचं खरं काम पाळण्यांचं होतं. दुपारच्या खेळाला येणाऱ्या बायकांच्या कडेवर लेकरं असत. बायकांच्या बाजूला, मागच्या भिंतीशी, एक आडवा वासा बसवलेला होता. प्रत्येक बाई येताना आपलं जुनं लुगडं आणी, वाशाला त्याची झोळी बांधी, लेकरू त्यात टाकी आणि पुढे जाऊन बसे. सात-आठ झोळ्या ओळीने लोंबत असत आणि आई मधे उभी राहून या हाताने एक, त्या हाताने दुसरी अशी हलवत राही. आंबूस दूध, ओलं फडकं आणि भिंतीत मुरलेलं सरकीचं तेल, या तिन्हींचा मिळून जो वास होतो तो मला आजही कुठे आला की डोळ्यांसमोर अंधार आणि त्यात हलणारे काठ दिसतात. कुणाचं लेकरू कुठलं हे आई लुगड्यावरून ओळखे. पडद्यावर कितीही मोठं दुःख चाललेलं असो, झोळीत रडू उठलं की ती मोठ्याने हाक मारी.

"हिरव्या काठाची! उठ व, लेकरू उठलं तुह्यं!"

"थांब नं बाई, मरून राह्यली ते बिचारी."

"ते उद्या पुन्हा मरन. तुह्यं आत्ता भुकेलं हाये."

सगळी बायकांची बाजू हसे. आडभिंतीपलीकडून एखादा पुरुष ओरडे, "ए गप बसा नं व!" त्यावर आई म्हणे, "तुमच्या लेकरायची माय तुमी होता का? मंग गप तुमीच बसा." पडद्यावरची बिचारी तोवर मरून गेलेली असे.

मला बसायला जागा नव्हती. दारवाल्या बाईच्या मुलीने खुर्ची अडवायची नाही असा नियम होता. आईने मला एका फटीतून पडद्यामागे सोडलं आणि मी भोंग्याच्या पेटीला पाठ टेकून, बाहेरच्या सगळ्या जगाच्या उलट बाजूने, सिनेमा पाहत मोठी झाले. मांजरपाटातून चित्र आरपार येई, फिकट आणि उलटं. माझे सगळे नायक डावखुरे होते. सुरुवातीची नावं उजवीकडून डावीकडे धावत. भोंगा इतका जवळ, की संवाद कानाला कळण्याआधी पाठीच्या मणक्यांना कळत.

पण मी फार वेळ पडद्याकडे पाहत नसे. माझ्या मागे रंगपटाची भिंत होती, नटांनी जिथे तोंडं रंगवली ती. पडद्यातून झिरपलेला उजेड तिच्यावर पडे. प्रसंग बदलला की तोही बदले, आणि त्या कमीजास्त होणाऱ्या उजेडात भिंतीवर अक्षरं दिसत.

मंडळ्यांची एक रीत होती. मुक्कामाचा शेवटचा खेळ झाला, की निघण्याआधी कुणीतरी भिंतीवर एक-दोन ओळी लिहून जाई. हाती असेल त्याने, कधी गेरूने, कधी काजळाने, कधी कोळशाने. आणि स्त्रियांची कामं करणारे पुरुष, हातावरचा आळता पुसण्याआधी, आपला पंजा भिंतीवर उमटवून जात. उभ्या भिंतीभर असे तांबडे पंजे होते. काही पुसट, काही ठसठशीत, काही ओघळलेले. ओळी बहुतेक साध्या, हिशेबी माणसाच्या पत्रासारख्या.

"येथे अकरा दिवस. पाणी गोड. टाळ्या कमी, पण वेळेवर."

"राणीचा शालू उंदरांनी खाल्ला. उद्यापासून राणी विधवा."

"पेटीचा स्वर बसला होता. गावच्या सुताराने उठवला. देव त्याचे भले करो."

आणि एका कोपऱ्यात, खाली, जिथे वाकून लिहावं लागलं असेल तिथे: "मंडळी येथे मोडली. ज्याने त्याने आपल्या गावी जावे."

मी शाळेत बाराखडी गिरवली, पण वाचायला शिकले ते या भिंतीवर. एका माणसाला काही सांगायचं आहे आणि जागा थोडी आहे, म्हणून तो शब्द वेचून ठेवतो, हे मला पुढे महाविद्यालयात कवितेच्या तासाला शिकवलं गेलं तेव्हा नवीन नव्हतं. भिंतीच्या अगदी वरच्या पट्ट्यात, हात पोचणार नाही इतक्या उंचावर, सर्वांत जुन्या ओळी होत्या. त्या मोडी लिपीत होत्या आणि त्यांच्या शेवटी शकाचे आकडे होते. त्या मला कधीच वाचता आल्या नाहीत. गावात कुणालाच येत नव्हत्या.

हे सगळं मी आईला कधी सांगितलं नाही. याचं कारण मी अनेकदा शोधलं आहे. पडद्यामागे मी काय करते हे तिने विचारलं नाही, हे एक. भिंत माझी एकटीची असावी असं मला वाटत होतं, हे दुसरं, आणि ते अधिक खरं आहे.

गोदामाचा शेवट एकदम आला नाही. आधी घरोघर टीव्ही आला, मग व्हिडिओ. बायकांची बाजू ओस पडली. वाशावर झोळ्यांऐवजी जुन्या रिळांचे डबे टांगले गेले. मग तिथे असे सिनेमे लागू लागले, की ज्यांच्या जाहिराती पाहून बायका पदर तोंडाला लावून रस्ता ओलांडत. आई तरीही दारावर उभी राहिली. ज्या दारातून कुणी येत नव्हतं त्या दारावर, रोज, खेळ सुरू होण्याआधी अर्धा तास. नंतर खेळही बंद झाले. मालकांचे वारस नागपूरला गेले आणि आतली झाडलोट आईकडे ठेवून गेले. तिचं घर त्याच बोळात, गोदामाला लागून. मी तोवर बुलढाण्याला मराठी शिकवत होते. सुटीच्या दिवशी यायची, पडद्याच्या जागी उरलेल्या रिकाम्या चौकटीतून आत जायची, भिंतीसमोर बसायची. पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे येत. पंजे अजून तांबडे होते.

त्या मालकांचा नातू फोनवर बोलला तेव्हा त्याच्या आवाजात कसलाही उर्मटपणा नव्हता. जागेवर दुकानं काढायची ठरली आहेत, असं तो म्हणाला. मी त्याला भिंतीविषयी सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"ताई, मला हे माहीतच नव्हतं. एक करा. कुणी जाणत्या अधिकाऱ्याने येऊन पाहावं आणि जपण्यासारखं आहे असं लिहून द्यावं. मी मागचा भाग, स्टेज आणि भिंत, तशीच ठेवतो. पुढे दुकानं काढतो. पण लिहून मिळालं नाही, तर मलाही थांबता यायचं नाही."

मागणी रास्त होती. मी अर्ज केले. पुन्हा केले. मोबाईलवर भिंतीचे फोटो काढले. ते तेवढ्या अंधारात धुरकट आले, खालच्या ओळीही त्यांत वाचता येईनात, आणि वरची मोडी तर काजळीत काजळीसारखीच दिसली. अखेर एका तरुण अधिकाऱ्याचं उत्तर आलं. फोटोंवरून काही ठरवता येणार नाही, तो स्वतः येईल, आणि मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ सोबत आणील. शकाचे आकडे वाचले गेले, तर जिल्ह्यातल्या अगदी जुन्या रंगभूमींत या जागेची गणना होऊ शकेल, असंही त्याने लिहिलं होतं. मी ते पत्र किती वेळा वाचलं हे सांगायला मला संकोच वाटतो.

मी आईला फोन केला.

"माय, गुरुवारी साहेब येऊन राह्यले. गोदामाची मागची भिंत पाहाले."

"आपल्या गोदामाची? साहेब?"

"हाव. पसंत पडली तं गोदाम वाचते. तू जरा जागा नीट करून ठेव."

"बापा! दिवस तं तीनच राह्यले. तू काही चिंता करू नको. मी हाये नं."

नीट करून ठेव. माझ्या मनात वटवाघळांची विष्ठा होती, जाळी-जळमटं होती. मी एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला, कारण मला वर्गावर जायचं होतं.

साहेब पाहायला येणार, तेही भिंत, असं ऐकल्यावर आमच्याकडची बाई काय करते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. महालक्ष्म्या यायच्या असोत की मुलीला पाहायला पाहुणे, शाळेत तपासणी असो की गावात कुणी मोठा माणूस, आधी भिंतीला चुना लागतो. न रंगवलेल्या भिंतीसमोर परक्या माणसाला उभं करणं म्हणजे आपली आणि त्याचीही शोभा घालवणं. मी याच घरात वाढले. माझ्या दहावीच्या निकालाला गुरुजी घरी येणार म्हणून आईने एका सकाळी समोरची भिंत पांढरी केली होती, आणि गुरुजींच्या सदऱ्याला ती पाठभर लागली होती.

गुरुवारी आम्ही तिघं बोळात शिरलो आणि मला आधी वास आला. भिजलेल्या चुन्याचा थंड, तिखट, जरा घशाला लागणारा वास. सणाचा वास. दारापुढे सडा-रांगोळी होती. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिच्या नखांच्या कडा पांढऱ्या होत्या.

"या साहेब, या. भिंत आतून हाये. परवा वल्ली होती, आता निऱ्हा वाळली."

आम्ही चौकटीतून वर चढलो. फळ्या धुतलेल्या होत्या. आणि समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरच्या पट्ट्यासकट, किंचित निळसर झाक असलेली, डोळ्यांत भरणारी, पूर्ण पांढरी भिंत होती. पत्र्याच्या भोकांतून येणारे कवडसे तिच्यावर पडून आणखी पांढरे झाले होते. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी पिशवीतून भिंग काढलं होतं. ते तसंच हातात धरून ते उभे राहिले.

"कुठली भिंत, मॅडम?" अधिकाऱ्याने हलक्या आवाजात विचारलं.

माझ्याऐवजी आई बोलली. तिला त्या तीन दिवसांच्या कष्टांचं कौतुक करून घ्यायचं होतं आणि तो तिचा हक्क होता.

"लय घाण होती साहेब. नाटकवाले पान खाऊन थुकले मेले, पिचकाऱ्याच पिचकाऱ्या. वरून कोनं काय काय खरडलेलं. नुसता चुना देला असता तं लाल फुटून वर आलं असतं. म्हून आधी काथ्यानं घासली. दोन बाया लावल्या, शिडी आनली, वरपर्यंत घासली. मंग चुना. चुन्यात डिंक टाकला, हाताले लागत नाही. पाहा नं हात लावून."

मोडीवाल्या गृहस्थांनी खरंच हात लावला. त्यांनी बोटं उलटी करून पाहिली. ती कोरडी होती.

"फार स्वच्छ केलंत, आजी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. भिंग त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवलं आणि पिशवीचे बंद बराच वेळ बांधत राहिले.

"खालून जरा पातय दिसते नाही का?" आईने विचारलं. "अजून एक हात मारू का साहेब? तुमी च्या घेईस्तोवर होते."

"नको, नको. छान झालंय."

तिच्या घरी चहा झाला. आईने बशा पुसून ठेवल्या होत्या. निघताना अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. तुमचे फोटोही मी जोडीन. पण मला जे दिसलं तेच लिहावं लागतं." मी मान हलवली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. गाडी बोळातून निघाली, तेव्हा आई दारात उभी राहून हात जोडत होती.

मी परत आत गेले. ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहिला. डिंक चांगला बसला होता. मग नखाने खरवडलं. चुन्याखाली मातकट गिलावा होता आणि गिलाव्यावर काथ्याचे ओरखडे, आडवे, उभे, एकाच जागी पुन्हापुन्हा घासल्याचे. कुठे तांबडा ठिपका दिसतो का म्हणून मी वाकून, गुडघ्यांवर बसून, खालच्या पट्ट्यापर्यंत शोधलं. तिने कोपरेही सोडले नव्हते. ती कोणतंही काम अर्धवट करत नसे.

"काय म्हने मंग साहेब?" मी घरात आले तेव्हा तिने विचारलं. "आवडली का भिंत?"

"हाव माय. आवडली."

"मी म्हनलं नव्हतं?"

कागद पंधरा दिवसांनी आला. पाहणीत जतन करण्याजोगं लेखन अथवा अवशेष आढळले नाहीत, असं त्यात होतं. माझ्या धुरकट फोटोंचा उल्लेख होता आणि त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, असंही होतं. नागपूरहून नातवाचा फोन आला. तो म्हणाला, "सॉरी ताई."

उन्हाळ्यात एका सकाळी पिवळं यंत्र आलं. आधी पत्रे काढले. पत्रा खाली पडताना होणारा आवाज आणि त्यानंतरची शांतता, असं जेवणवेळेपर्यंत चाललं. मग भिंती. बायकांचं दार एका धक्क्यात गेलं. मागची भिंत जाड होती, ती शेवटी पडली. पांढऱ्या धुळीचा लोट उठून बोळात शिरला, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आईच्या पापण्यांवर बसला. लोक बघत उभे होते, मोबाईल धरून.

"साहेबाले आवडली होती नं व?" आईने मला विचारलं. "मंग काऊन पाडून राह्यले?"

"दुकानं काढायची त्यायले."

"मंग साहेब आला कायले होता?"

मी तिला धुळीतून घरात घेऊन गेले.

खरं कारण तिला दुसऱ्याकडून कळलं. पायाभरणीच्या दिवशी मालकांचा नातू तिच्यासाठी लुगडं घेऊन आला होता. पाया पडला, आणि सहज, दुःख वाटून घ्यावं तशा सुरात बोलून गेला, की भिंतीवरचं ते जुनं लिखाण राहिलं असतं तर आज निदान स्टेज उभं असतं, आजी. तो गेला. आई लुगड्याची घडी मांडीवर घेऊन बसून राहिली. संध्याकाळी मी पोचले तेव्हा ती अंबाडीची भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"काय लिहिलं होतं व त्या भितीवर?"

मी दाराशीच थांबले.

"ते लाल काय होतं मंग? पिचकाऱ्या नव्हत्या?"

"हात होते, माय. नाटकात बाई होनारे मानसं जाताना हाताचा ठसा ठेवून जायचे. आळत्याचा."

"अन् खरडलेलं?"

मी तिला सांगू लागले. कोण आले, किती दिवस राहिले, कशाची अडचण झाली, कुणी जेवू घातलं. ती देठं खुडत ऐकत होती. एका जागी तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"तुले हे पहिल्यापासून मालूम होतं?"

"हाव."

"लहान होती तवापासून?"

"हाव, माय."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "साहेबाले लिहून लिहून कळवलं. नागपूरवाल्याले सांगितलं. मी इथं, भितीले भीत लावून राहतो. मले सांगितलं असतं तं म्या बोट लावू देलं नसतं कोनाले."

एवढं बोलून ती उठली आणि भाजी धुवायला मोरीत गेली. त्यानंतर तिने या विषयावर शब्द काढलेला नाही. चुन्याचं उरलेलं डबडं तिने कुणाला तरी देऊन टाकलं. या वर्षी महालक्ष्म्या आल्या तेव्हा आमच्या घराला रंग दिला नाही. विचारलं तर म्हणाली, हात दुखून राह्यले.

मी एक वही केली आहे. भिंतीवरच्या आठवतील तेवढ्या ओळी तिच्यात उतरवायच्या असं ठरवलं होतं. काम आठवडाभराचं वाटलं होतं. वर्ष होत आलं आणि जेमतेम दोन पानं भरली आहेत. मोडीतलं जे होतं ते तर गेलंच. ते मी वाचलंच नव्हतं, तेव्हा आठवण्याचा प्रश्न नाही. उरलेलं लिहायला बसले, की ओळ येते, आणि ती पूर्ण होताच मला जाणवतं की ती फार नीट आली आहे. शब्द जिथे पडायला हवेत तिथे पडले आहेत. कोळशाने, घाईत, गाड्या जुंपलेल्या असताना लिहिणाऱ्या माणसाचे ते नाहीत. मग मी ती खोडते आणि जशी होती तशी आठवू पाहते, आणि पुन्हा माझीच ओळ येते. त्यांतल्या चार मी खात्रीच्या म्हणून इथे वर लिहिल्या. त्यांपैकी दोन मी दुरुस्त केल्या आहेत असा मला संशय आहे. कोणत्या दोन, ते मला आता सांगता येत नाही.